लँडस्केप आर्किटेक्टची बातमी पेपरात कशी लागेल?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या आठ-दहा तरुण लँडस्केप आर्किटेक्टनी, म्हणजे इमारतीबाहेरच्या जागेची रचना करणाऱ्यांनी, एप्रिलमध्ये प्रदर्शन भरवलं, दोन व्याख्यानं ठेवली आणि सगळ्या पेपरांना प्रेस नोट पाठवली. एका पेपरात ‘शहरात आज’ छापाच्या रकान्यात दोन ओळी आल्या, त्याही ‘उद्यानतज्ज्ञांचे प्रदर्शन’ अशा. बाकी शांतता. लोकांना आपण माळी वाटतो आणि पत्रकारांच्या तर आपण गावीही नाही. तेव्हा एखादी पीआर एजन्सी लावावी का, असं विचारलं आहे.

एजन्सी लावू नका. दोन ओळी आल्या याबद्दल मात्र अभिनंदन. मी सत्तावीस वर्षांपूर्वी फॅक्सने पाठवलेल्या पहिल्या प्रेस नोटचं पुढे काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही प्रश्नासोबत तुमची नोटही पाठवली होती, ती वाचली. ‘भूदृश्य वास्तुकलेविषयी जनमानसात जागरूकता निर्माण व्हावी या उदात्त हेतूने…’ इथपर्यंत आले आणि माझंच लक्ष चहाकडे गेलं. ही बातमी छापून यायला हवी असं आपल्याला वाटतं, पण ती वाचायची कोणाला आहे? डॉक्टर पेपरात येतात ते डेंग्यू वाढला म्हणून. सीए मंडळी बजेटच्या दिवशी पानोपानी असतात, कारण त्या दिवशी प्रत्येकाला आपल्या खिशाची काळजी असते. ‘सनदी लेखापालांच्या व्यवसायाविषयी जनजागृती’ असा मथळा कधी पाहिलात? आपलाही बजेटचा दिवस असतो, आणि पुण्यात तो वर्षातून पंधरा-वीसदा येतो. फांदी रिक्षावर पडते, ओढा सोसायटीत शिरतो, नवाकोरा फूटपाथ पुन्हा खणला जातो, टेकडीवरून रस्त्याची आखणी निघते, ऑक्टोबरात सप्तपर्णी फुलते आणि तिच्या वासाने कोथरूडमध्ये कोणाचं तरी डोकं दुखतं. त्या संध्याकाळी बातमीदाराला कारण सांगणारं एक वाक्य हवं असतं. तो एखाद्या पर्यावरणप्रेमी कार्यकर्त्याला फोन करतो, नाहीतर उद्यान विभागातल्या अधिकाऱ्याला, कारण तेच नंबर त्याच्याकडे असतात. माती किती खोल होती, उतार कुठे होता, मुळं कुठवर गेली होती, हे विचारायला कोणाचाही नंबर त्याच्याकडे नसतो.

म्हणून पहिलं काम फार साधं आहे. बातमीदाराला ओळखा, आणि तेही बीटप्रमाणे, म्हणजे कोणाकडे कुठला विषय नेमून दिला आहे ते पाहून. पेपरात ‘लँडस्केप’ नावाचं बीट नाही आणि होणारही नाही. महापालिका बीट असतं, पर्यावरण असतं, आणि पर्यावरण बघणाऱ्या मुलामुलींकडेच बहुधा आणखी एखाद-दोन विषय दिलेले असतात. ही माणसं दुपारी महापालिकेत नाहीतर कुठल्या तरी पत्रकार परिषदेत असतात आणि संध्याकाळी सहानंतर बातम्या टाइप करत असतात. त्या वेळी ‘आमची नोट मिळाली का?’ असा फोन करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, पण नको त्या कारणाने. सकाळी अकराच्या आसपास बोला. आणि पहिल्या भेटीत काहीही मागू नका. ‘या विषयावर कधी काही अडलं तर फोन करा, नाव छापायची गरज नाही,’ एवढं सांगून या. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे. सुरुवातीचे दोन-तीन फोन निव्वळ समजून घेण्यासाठी येतात. त्यांतून नाव छापून येत नाही, पण नंबर सेव्ह होतो.

बातमीदाराला ऑफिसात बोलावून प्रेझेंटेशन दाखवू नका. त्याला चालायला न्या. आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पूर आला, माणसं गेली, भिंती पडल्या. पुढच्या पावसाळ्याआधी मी एका बातमीदार मुलीला घेऊन सकाळी साडेसहाला सारसबागेपाशी उभी होते. तिला म्हटलं, या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात, तर तळं कुठे आहे? ती हसली. तिचं सगळं बालपण पुण्यात गेलेलं, आणि तरी हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. पर्वतीच्या पायथ्याचं ते तळं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. गणपती तळ्याच्या मधल्या बेटावर होता, पुढे तळं आटवून तिथे बाग झाली. आंबिल ओढाही मुळात शहराच्या मधून वाहायचा, त्याचा प्रवाह त्याच काळात इकडे वळवला गेला. तिथून आम्ही दांडेकर पुलापर्यंत चालत गेलो. एका भिंतीवर पुराच्या पाण्याची मातकट रेघ अजून होती. ती तिच्या खांद्याच्या वर होती. तिने भिंतीला पाठ लावून सेल्फी काढला, मग वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, ‘म्हणजे ओढा घरात शिरला नाही, घरं ओढ्यात गेली?’ मी म्हटलं, हे वाक्य तुमचं, मला चिकटवू नका. पण मथळा तोच झाला. बातमी अर्ध्या पानाची आली, त्यात माझी दोन वाक्यं होती, आणि ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ हे शब्द पहिल्यांदा उद्यानाच्या नव्हे तर पुराच्या बातमीत छापून आले. एवढ्या वर्षांच्या व्याख्यानांनी जे झालं नव्हतं, ते दीड तासाच्या चालण्याने झालं. पुढच्या महिन्यात दोन सोसायट्यांचे चेअरमन ‘आमच्या मागच्या नाल्याचं बघा’ म्हणून आले.

आता प्रेस नोट. ती लागतेच, पण एका पानाची, मेलच्या मजकुरात, युनिकोड मराठीत. पीडीएफ जोडलीत की डेस्कवरचा माणूस ती उघडून पुन्हा टाइप करणार नाही. पहिल्या वाक्यात जागा, वेळ आणि वाचकाचा फायदा-तोटा आलाच पाहिजे. तुमच्या प्रदर्शनात एका सोसायटीच्या पार्किंगचा प्रकल्प होता ना, पेव्हर ब्लॉक उचकटून झिरपणारी फरशी आणि कडेला झाडांचे चर केलेला? तो सातव्या परिच्छेदात ‘शाश्वत पर्जन्यजल व्यवस्थापन’ या नावाखाली गाडला आहे. तीच गोष्ट अशी सांगा: एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी. पार्किंग हजार चौरस मीटरचं. एखाद्या मुसळधार दिवशी ५० मिलीमीटर पाऊस झाला, तर त्या पार्किंगवर ५० हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. मे महिन्यात हीच सोसायटी टँकर मागवते आणि जुलैत पाच टँकर एका दिवसात गेटबाहेर सोडून देते. हे वाक्य बाणेरपासून वाघोलीपर्यंत कोणालाही कळतं, कारण टँकरचं बिल प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

पण इथे एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे, ती सांगते. पाणी पडतं किती आणि मुरतं किती, यांत मोठा फरक आहे. पुण्याच्या खाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. कुठे मुरूम लागतो, कुठे दीड फुटावर खडक. सगळं पाणी मुरेल असं कधीही म्हणू नये. मी एकदा बातमीदाराला ‘पडतं’ म्हटलं होतं, छापून आलं ‘लाखो लिटर पाणी वाचणार’. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त भूवैज्ञानिकांचा फोन आला आणि त्यांनी मला वीस मिनिटं बेसॉल्ट शिकवला. मला तो येत होता, पण ऐकून घेतलं. त्या दिवसापासून आकडा दिला की त्याच्या खाली एक ओळ वेगळी लिहून देते: ‘यातलं किती मुरेल ते जागेवर खड्डा घेऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.’ बातमीदार ती ओळ बहुतेक वेळा छापतात. त्यांनाही फोन नको असतात.

नावाबद्दल. ‘भूदृश्य वास्तुविशारद’ सोडून द्या. शब्द चुकीचा नाही, पण उपसंपादक तो कापून जवळचा शब्द घालतो, आणि त्याच्या जवळचा शब्द ‘उद्यानतज्ज्ञ’ हाच आहे. सरळ ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ लिहा आणि प्रत्येक वेळी अर्धं वाक्य जोडा: ‘इमारतीबाहेरच्या जागेची, म्हणजे पाण्याचा निचरा, माती, झाडं आणि चालण्याच्या वाटा यांची रचना करणाऱ्या.’ पाच-सहा बातम्यांनंतर ते आपोआप गळेल. गोंधळ पत्रकारांचा एकट्यांचा नाही. १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्यातलं ३७वं कलम काढून वाचा. नोंदणी नसलेल्या माणसाने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायची नाही, असं ते म्हणतं, आणि लगेच पुढे ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ व ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना त्यातून वगळतं. म्हणजे कायद्याने आपल्याला जहाजांची रचना करणाऱ्यांच्या पंक्तीला बसवलंय. याचा अर्थ असा की आपल्या उपाधीला त्या कायद्याचं कुंपण नाही आणि नर्सरीवालाही तीच पाटी लावू शकतो. हे बातमीदाराला समजावून सांगितलं की तो ‘तुमचं शिक्षण काय?’ असं विचारतो. त्यावर रागावू नका, उत्तर द्या. आधी आर्किटेक्चरची पाच वर्षं, मग लँडस्केपची दोन, हे ऐकून त्याचा चेहरा बदलतो.

एप्रिलचं म्हणाल, तर तो महिना निवडण्यामागचं कारण मला कळतं. अमेरिकेत हा महिना लँडस्केप आर्किटेक्चरचा म्हणून साजरा होतो, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क करणाऱ्या ओल्मस्टेडचा जन्म २६ एप्रिल १८२२चा, वगैरे. सदाशिव पेठेतल्या वाचकाला त्याचं काय? एप्रिलमध्ये त्याला सावली हवी असते. हातात धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, दुपारी दोन वाजता एकाच रस्त्यावर झाडाखालच्या आणि उघड्यावरच्या फरशीचं तापमान मोजा, उन्हातल्या बसथांब्याच्या लोखंडी बाकाचं मोजा, तारीख-वेळ-जागा लिहून ठेवा. पाच रस्ते केलेत तरी पुरे. हे आकडे तुमचे स्वतःचे असतील, आणि शहर पानाला असे आकडे मिळत नाहीत.

तसंच ५ जून, जागतिक पर्यावरण दिन. त्या दिवशी पेपरात इतकं हिरवं असतं की तुमचं हिरवं दिसणार नाही. मी त्या आठवड्यात काहीच पाठवत नाही. त्याऐवजी मे महिन्यात, गेल्या पावसाळ्यात गाजावाजा करून वृक्षारोपण झालेल्या एखाद्या जागी जा आणि जिवंत रोपं मोजा. पिंजरा आहे पण रोप नाही, रोप आहे पण काठीला बांधलेली दोरी खोडात रुतली आहे, असं सगळं लिहा. कुठली जात टिकली, कुठली गेली, आणि का, हे आपल्याशिवाय कोण सांगणार? करंज, वावळा टिकले असतील, तर तेही सांगा. नुसती मढी मोजून आणली तर ती तक्रार होते. १२ जुलै हा पानशेत धरण फुटल्याचा दिवस, तेव्हा नदीच्या पूररेषेबद्दल वाचायला पुणेकर तयार असतो. गणपतीच्या दिवसांत तळ्यातला गणपती आहेच. महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की उद्यान विभागाची पानं वाचून ठेवा. महापालिका बीटच्या माणसाला त्या संध्याकाळी हजार पानांतून वाट काढायची असते, आणि ‘या रकमेत झाडं आहेत की नुसती कारंजी?’ एवढं सांगणारा माणूस त्याला देवासारखा वाटतो.

फोटोत माणसं हवीत. रिकाम्या लॉनचा संध्याकाळच्या सोनेरी उजेडातला फोटो आपल्या पोर्टफोलिओसाठी ठेवा. कॅडचा प्लॅन तर पाठवूच नका. हाताने काढलेला एक छेद, म्हणजे जागा उभी कापून दाखवणारं चित्र, त्यात उभा माणूस आणि दोन मापं, हे छापलं जातं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर चेपून जातो, म्हणून मेलने पाठवा, खाली ओळ लिहा, काढणाऱ्याचं नाव द्या. आणि ‘पैसे भरा, पान देतो’ असा फोन जाहिरात विभागाकडून आला तर तो नम्रपणे नाकारा. ती जाहिरात आहे, आणि वाचकाला ती ओळखता येते.

आता अवघड भाग. पुण्यात आपल्या विषयाच्या खऱ्या मोठ्या बातम्या कुठल्या? नदीकाठ सुधारणा प्रकल्प. वेताळ टेकडीच्या अंगाने जाणारा बालभारती ते पौड फाटा रस्ता. टेकड्यांवरचं बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण. या प्रत्येक विषयात आपल्यातलं कोणी सल्लागार आहे, कोणी हरकत नोंदवणाऱ्यांत आहे, आणि उरलेले महापालिकेकडून पुढचं काम मिळेल या आशेवर गप्प आहेत. मी तिन्ही ठिकाणी उभी राहिले आहे, त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही. पण व्यवसायाला चेहरा हवा असेल तर या बातम्यांत तो दिसावा लागतो, आणि तिथे बोललं की किंमत मोजावी लागते. एका फूटपाथबद्दल मी जे बोलले ते तंतोतंत खरं होतं. त्यानंतर एका कार्यालयात आमचं बिल सात महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. योगायोग असेलही.

त्याहून वाईट वाटतं ते दुसऱ्या प्रसंगाचं, कारण तिथे चूक माझी होती. एका बागेच्या नूतनीकरणावर मी फोनवरच मत दिलं: ‘एवढी मोठी जागा आणि एक मोठं झाड नाही, नुसती हिरवळ!’ फोटो पाहून बोलले होते. नंतर कळलं की त्या हिरवळीखाली पाण्याची टाकी होती, वर माती जेमतेम दोन फूट, आणि ज्याने ती बाग केली त्याने त्यात शक्य तेवढं केलं होतं. तो माझ्या ओळखीचा. त्याने उलट उत्तर दिलं नाही, फक्त पुढचं दीड वर्ष माझा फोन उचलला नाही. तेव्हापासून जागा पाहिल्याशिवाय ‘असं करायला हवं होतं’ हे वाक्य मी उच्चारत नाही. ‘मी ती जागा पाहिलेली नाही, पण अशा ठिकाणी सहसा असं होतं,’ एवढंच म्हणते. बातमीदाराला ते जरा मिळमिळीत वाटतं. वाटू दे.

आपला काही संबंध असेल, तर तो पहिल्याच वाक्यात सांगा: ‘या ठेकेदाराबरोबर मी काम केलंय’, ‘या सोसायटीची सल्लागार मीच आहे’. ग्राहकाच्या जागेबद्दल बोलायचं तर त्याची परवानगी लेखी घ्या. संघटनेच्या नावाने बोलायचा मोह टाळा. इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्सचं मत म्हणून काही द्यायचं तर बैठक, मसुदा, सह्या, तोवर बातमी शिळी होते. आणि उद्या दुसऱ्या सदस्याचं मत वेगळं निघालं तर मूळ विषय बाजूला राहून भांडणाचीच बातमी होते. आपल्या नावाने बोला. तुमच्या आठ-दहा जणांत विषय वाटून घ्या: एक झाडं बघेल, एक पाणी, एक रस्ते आणि फूटपाथ, एक सोसायट्या. मग बातमीदाराला नंबर देताना आठ नावं देऊ नका, ज्याचा विषय त्याचं एकच द्या. आणि त्या माणसाने फोन उचललाच पाहिजे.

फोन कसा येतो, ते सांगते. दोन पावसाळ्यांपूर्वी, संध्याकाळी पावणेआठ, मी वरणाला फोडणी देत होते. ‘मॅडम, गुलमोहर पडलाय, गाडीवर. का पडला एवढं सांगा फक्त.’

‘मुळांचा फोटो आहे का?’

‘मुळांचा? नाही. गाडीचा आहे.’

त्याला म्हटलं, उपटलेल्या गड्ड्याच्या मागे जा आणि रस्त्याकडच्या बाजूचा फोटो काढून पाठव. दहा मिनिटांनी आला. एका बाजूची मुळं फाटून तंतू लोंबत होते, ती पडताना तुटलेली. रस्त्याच्या बाजूची मात्र एका सरळ रेषेत, सुरीने कापल्यासारखी सपाट, आणि टोकं काळी पडलेली. मी तीन वाक्यं दिली: रस्त्याच्या बाजूची मुळं आधीच कापलेली दिसतात. टोकं काळी आहेत, म्हणजे ही कापाकापी आजची नाही. चर कोणी आणि कशासाठी खणला, ते फोटोवरून सांगता येत नाही.

तिसऱ्या वाक्यावरून त्याने दुसऱ्या दिवशी खोदाईच्या परवानग्या मागवल्या आणि दोन दिवसांनी आणखी एक बातमी केली. पहिल्या बातमीत ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ काना-मात्रेसह बरोबर छापलं होतं. आडनाव चुकलं होतं. मी दुरुस्ती मागितली नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्याने मला त्याच चुकलेल्या आडनावाने हाक मारली, आणि मी ओ दिली.